माहेरच्या आडनावाचा माग

जानेवारी 2023 मध्ये बाबा गेले. अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो: मी, माझा नवरा आणि धाकटे काका. रामकुंडावर गुरुजींनी आधी नाव विचारलंच नाही. विचारलं, "मूळ गाव कोणतं?" काकांनी सांगली जिल्हा, तालुका, गाव असं सांगितलं. "आडनाव?" "पोतदार."

गुरुजींनी मुलाला घरी पिटाळून कापडात बांधलेली एक लांबोडकी वही आणवली. तीर्थोपाध्यायांकडे अशा वह्या असतात हे ऐकून होते, पाहिली पहिल्यांदाच. बरीच पानं उलटून झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या गावचे पोतदार नाहीत माझ्याकडे. सोनार आहेत." काका काही बोलायच्या आत त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. शके 1854, म्हणजे 1932. सिंहस्थाचं वर्ष. खाली मोडी लिपीत माझ्या पणजोबांची नोंद होती. गुरुजींनी ती वाचून दाखवली: "विठू बिन रामा सोनार ऊर्फ पोतदार, जिल्हा सातारा." बिन म्हणजे अमक्याचा मुलगा.

पणजोबांचा फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. त्यांच्या हातची शाई समोर होती आणि बाबा ती पाहायला नव्हते. लग्न होईपर्यंत सव्वीस वर्षं मी हे आडनाव लावलं, मग ते बदललं. त्याचा अर्थ काय, हे बाबांना एकदाही विचारलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी काकांना विचारलं, "आपण सोनार की पोतदार?" काका म्हणाले, "ते ऊर्फ कशाला लिहिलंय, तेच मला कळत नाही."

त्या प्रश्नापायी पुढची जवळजवळ दोन वर्षं गेली. नोकरी सांभाळून, रजा जोडून केलं म्हणून इतका वेळ लागला. कुणाला आपल्या आडनावाचा शोध घ्यायचा असेल, तर माझे हेलपाटे तरी वाचतील म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात घरातूनच केली. फेब्रुवारीत सगळ्या नातेवाइकांना फोन केले आणि एकाच आडनावाच्या तीन कहाण्या हाती आल्या. थोरल्या आत्याच्या मते आपल्या घरात बायकांच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोती ओवून द्यायचे, म्हणून पोतदार. बाबांच्या चुलतभावाचं म्हणणं, तुळजाभवानीची पोत, म्हणजे पेटती मशाल, नाचवायचा मान आपल्याकडे होता. काकांची कहाणी सगळ्यात भारदस्त: आपण पेशव्यांचे खजिनदार! तिघंही अगदी खात्रीने सांगत होते. मी तिन्ही कहाण्या तारीख घालून, ज्याच्या त्याच्या शब्दांत वहीत उतरवून ठेवल्या. हे तुम्हीही करा. आत्या त्याच वर्षी दिवाळीनंतर गेली.

मग कोश उघडले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. मोल्सवर्थ पोतदाराबद्दल दोन गोष्टी सांगतो. सरकारी खजिन्यात भरणा होणारं नाणं पारखून घेणारा तो अंमलदार, आणि तोच गावचा सोनारही. ऊर्फचं कोडं सुटायला लागलं ते इथे. मूळ शब्द फार्सी, फोतादार. फोता म्हणजे कापड, थैली आणि त्यावरून थैलीत जमा होणारा सारा, म्हणजे महसूल. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत खजिनदाराला फोतादार म्हटलं आहे. मराठीत फ चा प झाला आणि पोते म्हणजे खजिना असा शब्द रूढ झाला. सभासद बखरीत शिवकालीन बारा महालांची, म्हणजे खात्यांची, यादी आहे, त्यातही पोते आहे. पोतनीस म्हणजे त्या खजिन्याचं लिहिणारा, सरपोतदार म्हणजे वरचा पोतदार. बंगालातले आणि मारवाडातले पोद्दार याच शब्दातून आलेले, आणि काश्मिरी पंडितांतल्या फोतेदारांनी तर मूळचा फ तसाच जपला आहे.

एक इशारा. आडनावाच्या शेवटी दार दिसलं की ते सगळंच फार्सी, असं धरू नका. भालदारातला भाला आपलाच आहे. त्यामुळे आत्याची मण्यांची पोत नुसत्या व्याकरणाच्या जोरावर खोडून काढता येत नव्हती. कागद हवा होता.

दुसरा इशारा असा की एकच आडनाव म्हणजे एकच घराणं नव्हे. इतिहाससंशोधक महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार (1890–1979) ब्राह्मण होते, आम्ही सोनार. हुद्द्यावरून पडलेलं आडनाव ज्याने ते काम केलं त्याला चिकटलं, मग तो कोणत्याही जातीचा असो. हे मला वेळेवर कळलं नाही आणि मार्चमध्ये मी आडनावांचा इतिहास विकणाऱ्या एका संकेतस्थळाला 1,500 रुपये दिले. त्यांनी पोतदारांचं कुळ, कुलचिन्ह आणि एका राजवंशाशी नातं, असं सगळं रंगीत छापून पाठवलं. गावाचं नाव कुठेच नव्हतं, एका कागदाचाही दाखला नव्हता. फोन केला तर म्हणाले, सगळ्या पोतदारांना हेच लागू आहे. ते पैसे गेले.

जून 2023 मध्ये, शाळा उघडल्यावर, काकांना घेऊन गावी गेले. आजोबा ज्या शाळेत शिकले ती आता जिल्हा परिषदेची आहे, तेव्हा लोकल बोर्डाची होती. मुख्याध्यापिका बाईंना आधी साधं पत्र दिलं. त्यात आजोबांचं नाव आणि जन्माचं अंदाजे वर्ष लिहिलं, काकांच्या आधार कार्डाची प्रत जोडली. मागताना निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) असं नेमकं मागायचं, "जुनी माहिती हवी" म्हटलं की सगळे गोंधळतात. जुनं जनरल रजिस्टर कपाटाच्या तळाशी होतं. बाईंनी ते फडक्याने पुसून समोर ठेवलं.

आजोबांची नोंद 1931 ची. नावाच्या रकान्यात गणपत विठू सोनार. सोनार या शब्दावर लाल शाईची आडवी रेघ, वर बारीक अक्षरात पोतदार, बाजूला हेडमास्तरांची सही आणि 1937 साल. चौकोन पुरता बोटभर उंचीचा नव्हता, तरी लाल अक्षरं त्यात नीट बसवलेली होती. म्हणजे पोतदार हे आडनाव कागदावर कायम झालं ते सातवी पास झालेल्या मुलाच्या दाखल्याच्या वेळी. आजोबांचे थोरले चुलतभाऊ त्या शाळेत गेले नव्हते, आणि त्यांची नातवंडं आजही सोनार लावतात. भावकीतल्या दोन घरांची आडनावं वेगळी का, यावर आमच्याकडे लग्नकार्यात नेहमी कुजबुज व्हायची. लहानपणी मी कुणाकडून तरी ऐकलं होतं की त्यांच्यात काहीतरी भांडण झालं असेल. भांडण नव्हतं, लाल रेघ होती. काका बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला.

उताऱ्याला खर्च आला नाही. एस.टी., रिक्षा आणि मुक्काम धरून त्या फेरीचे 2,300 रुपये झाले.

जुलैत तालुक्याच्या कचेरीत गेले ते कोतवाल बुकासाठी. गाव नमुना 14, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंद. कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, गाव आणि सालं नमूद करायची आणि पोच घ्यायची. पोचेशिवाय परत फिरू नका, पुढच्या खेपेला तुमच्या अर्जाचा पुरावा तोच. पहिल्यांदा सांगितलं की त्या सालचं बुक नाही. दुसऱ्यांदा, आहे पण सापडत नाही. तिसऱ्या खेपेला संबंधित माणूस रजेवर. नोव्हेंबर 2023 पासून राज्यभर कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाली आणि कचेरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आता आपलं काम कायमचं मागे पडलं, असं मला वाटलं. झालं उलटंच. त्या मोहिमेसाठी जुने गठ्ठे सोडले गेले, झटकले गेले, गावाप्रमाणे लावले गेले. जानेवारी 2024 मध्ये चौथ्या खेपेला अभिलेख कक्षातल्या कर्मचाऱ्याने मला स्वतःहून हाक मारली. "ताई, तुमचं गाव निघालं बघा."

इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगते. सांगली जिल्हा जुन्या कागदांत शोधू नका. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधीचे आमच्या गावचे कागद सातारा जिल्ह्याच्या नावावर आहेत. नाशिकच्या वहीतलं "जिल्हा सातारा" मला तेव्हा चूक वाटली होती. तुमच्या गावाचा जिल्हा, तालुका, संस्थान केव्हा केव्हा बदललं, ते आधी काढून ठेवा.

कोतवाल बुक मोडीत होतं. मला एक अक्षर येत नव्हतं. कचेरीबाहेर मोडी वाचून देणारे एक निवृत्त शिक्षक बसायचे, पानाला 300 रुपये घेत. त्यांच्याबरोबर सहा पानं वाचली. पणजोबांचा व्यवसाय, जात, आडनाव, जे हाती लागेल ते मला हवं होतं. पानं उलटताना ते एका जागी थांबले आणि म्हणाले, "हे साल वाचवत नाही." ऑक्टोबर 1918. इन्फ्लुएन्झाची साथ. एरवी त्या बुकात एका पानावर दोन-तीन महिने मावायचे, या एका महिन्याला चार पानं लागली होती. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द. ताप. ताप. ताप. लिहिणाऱ्याने मध्येच तो शब्द लिहायचं सोडून नुसत्या दोन रेघा मारायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या पानावर आमचं घर सापडलं. "विठू रामा सोनार याची बायको, वय 22." त्याखाली, चार दिवसांनंतरची तारीख: "सदरहूची मुलगी, वय दीड महिना." नाव दोघींचंही नाही.

पणजोबांचं आधी एक लग्न झालं होतं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. आजोबांचा जन्म 1924 चा, दुसऱ्या बायकोपोटी. म्हणजे ही बाई जगली असती तर आम्ही कुणीच नसतो. मी आडनाव शोधायला गेले होते. त्या बाईचं मात्र नावही कुणी लिहून ठेवलं नव्हतं. त्या दिवशी मी पुढचं काही वाचलं नाही. मास्तरांनी त्या पानाचे पैसे घेतले नाहीत.

त्याच मुक्कामात काकांनी जुन्या घराची चावी मागवली. चुलीमागच्या कोनाड्यात एक काळा, गुळगुळीत, हाताच्या पंजाएवढा दगड होता. आजी त्यावर लसूण ठेचायची, एवढंच मला आठवत होतं. काकांनी तो ओल्या फडक्याने पुसून उन्हात तिरका धरला. एका कडेला केसासारख्या बारीक पिवळ्या रेघा चमकल्या. कसोटी होती ती, सोनं घासून पारखायचा दगड! काका सांगू लागले, त्यांच्या लहानपणी आजोबा चांदीचा रुपया अंगठ्यावर उडवून दगडी उंबऱ्यावर पडू द्यायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे. खणखणीत वाजला तर खरा. बद्द आवाज आला की बाजूला. मग कडा पाहायचे, कानस लावून चांदी काढली आहे का ते बोटाने चाचपायचे. आम्ही रोज खणखणीत म्हणतो, एखाद्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो. हे सगळे शब्द या कामातले आहेत, ते मला त्या उंबऱ्यावर बसून कळलं. पेशवाईत एकाच बाजारात चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये चालायचे, प्रत्येकाचा कस वेगळा. कोणता रुपया पूर्ण किमतीला घ्यायचा आणि कोणावर किती बट्टा, म्हणजे घट, कापायचा, हे ठरवल्याशिवाय सारा भरून घेता येत नसे. ते ठरवणारा तो पोतदार. 1835 मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी 180 ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया काढला. जुनी नाणी जसजशी मागे पडली तसतसं हे कामही आटत गेलं. हातात सोनारकी राहिली आणि आडनावापुरता हुद्दा.

मात्र ही झाली काकांची आठवण आणि माझा तर्क. आमच्या गावात पोतदार खरंच होता का, हे पाहायला पुण्याच्या पुराभिलेखागारात जायचं ठरवलं. पेशवे दफ्तर तिथे आहे, कापडात बांधलेल्या हजारो गठ्ठ्यांमध्ये. त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. पण मोडी येत नसताना तिथे जाण्यात अर्थ नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात. मी उन्हाळ्यात एक वर्ग केला आणि पुढे तीन महिने रोज रात्री अर्धा तास सराव. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्द कुठे तुटतो ते आपण ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं बाकी होतं. तिसऱ्या आठवड्यात पणजोबांची नोंद, मोबाइलवर काढलेला तिचा फोटो, मी स्वतः वाचली. त्या रात्री झोप लागली नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये पुराभिलेखागारात अर्ज केला. ओळखपत्र, कशासाठी पाहायचं आहे याचं पत्र, आणि कोणत्या परगण्याचे कागद हवेत ते. हे शेवटचं सर्वात महत्त्वाचं. आजचा तालुका तिथे उपयोगाचा नाही, पेशवाईतला परगणा माहीत हवा. शाईचं पेन नको, पेन्सिल न्या. रुमाल सोडताना घाई करू नका, कागद घडीवर फाटतो. मी पाच सोमवार रजा काढून बसले. पहिले चार दिवस आमच्या गावाचं नावही दिसलं नाही. शेजारच्या टेबलावरचे एक वयस्क अभ्यासक म्हणाले, "बाई, हक्कदारांच्या याद्या बघा. हिशेबाच्या कागदात गाव लवकर सापडतं."

पाचव्या दिवशी सापडलं. गावच्या हक्कदारांची, म्हणजे गावाकडून ठरलेला हक्क मिळणाऱ्यांची, यादी. पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि त्याखाली चार शब्द: "पोतदार सोनार रुपये 3." माणसाचं नाव नाही. वर साल होतं, सलास तिसैन मया व अलफ. हे अरबी आकडे उलट्या क्रमाने वाचायचे: तीन, नव्वद, शंभर, हजार. शुहूर सन 1193, मराठी कागदांतली जुनी कालगणना. त्यात 599 मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी 600. म्हणजे 1792-93. मी पेन्सिलीने ती ओळ उतरवली, दोनदा ताडून पाहिली आणि काकांना जिन्यातून फोन लावला. "काका, पेशव्यांचे खजिनदार नव्हतो आपण. गावचे पोतदार होतो. वर्षाला तीन रुपये."

काका क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, "तीन रुपयांत खोटं नाणं नाही येऊ दिलं ना गावात? मग झालं."

त्या 1792 च्या पोतदारापासून रामा सोनारापर्यंतच्या साखळीतल्या मधल्या कड्या माझ्याकडे नाहीत. आमच्या भागात मराठ्यांच्या घरी हेळवी येऊन वंशावळ सांगतात, आमच्या घरी ते कधी येत नव्हते. तो माणूस आमचाच पूर्वज, असं मी कुणाला छातीठोक सांगत नाही. गाव तेच, काम तेच, जात तीच. काकांनी पुतण्यांसाठी जो कागद केला त्यातही मी हे असंच लिहायला लावलं.

सगळा मिळून खर्च अकरा हजारांच्या आसपास आला. त्यात ते वाया गेलेले 1,500, मोडीचा वर्ग आणि प्रवास धरला आहे.

डिसेंबर 2024 मध्ये आम्ही पुन्हा नाशिकला गेलो. पहिल्या वेळी शोकात बाबांची नोंद करायची राहून गेली होती. गुरुजींनी तीच वही काढली आणि पेन काकांच्या हातात दिलं. काकांनी ते माझ्याकडे सरकवलं. पणजोबांच्या नोंदीखाली मी आजोबांचं नाव लिहिलं, मग बाबांचं, मग काकांचं, मग माझं. माझ्या नावापुढे दोन्ही आडनावं लिहिली. गुरुजी काही म्हणाले नाहीत. मग विठू रामा यांच्या ओळीशेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं: प्रथम पत्नी, वय 22, आणि कन्या. ऑक्टोबर 1918.

गुरुजींनी विचारलं, "नावं?"

"सापडली नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी वही माझ्याकडून घेतली, दोन्ही ठिकाणी बोटभर जागा सोडून बारीक रेघ आखली, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं.